उसांतील मुलें

भुताच्या गोष्टीची परीक्षा ती ऐकतांना अंगावर किती शहारे आले यावरून करूं नये. ती संपल्यावर मनांत काय उरतें यावरून करावी. विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी चित्रपट या परीक्षेस बव्हंशीं उतरतो; आणि जेथें तो कमी पडतो, तेथेंच सुशिक्षित प्रेक्षकानें विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

कथानक साधें आहे. नेहा ही शहरांतील गर्भवती तरुणी. पतीच्या कर्जापायीं दोघांना ड्रायव्हर भाऊरावाच्या गांवीं आश्रयास जावें लागतें. घर उसाच्या फडांत, एकाकी. तेथें भाऊरावाची पत्नी तुळसाबाई नेहाची मायेनें काळजी घेते. आणि तेथेंच नेहाला उसांत लपाछपी खेळणारीं तीन मुलें दिसूं लागतात.

भयासाठीं अमावास्येवर भिस्त न ठेवतां दिग्दर्शकानें ऊस निवडला, हें त्याचें मोठें शहाणपण. पुरुषभर उंचीच्या उसांत दोन हातांपलीकडचें दिसत नाहीं. पाला सळसळला तर वारा कीं माणूस, तें कळत नाहीं. साताऱ्या-सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या वाचकाच्या लेखीं ऊस म्हणजे सुबत्ता. त्या सुबत्तेच्या पोटांतच भय दडलेलें आहे, असें हा चित्रपट सुचवितो. पूजा सावंत यांची नेहा आर्त आहे. परंतु लक्षांत राहते ती उषा नाईक यांची तुळसाबाई. तिची माया कोठें संपते आणि जरब कोठें सुरू होते, हें शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

रहस्य फोडणें अरसिकपणाचें होईल. इतकेंच सांगतों, कीं मुलीच्या जन्माचा तिटकारा हें येथील मूळ पाप आहे, आणि भुतांपेक्षां जिवंत माणसेंच अधिक भयंकर ठरतात.

आमचा आक्षेप येथेंच आहे. हें पाप चित्रपटानें आडरानांतल्या एका घराच्या माथीं मारलें, आणि शहरांतला प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकून घरीं गेला. वस्तुस्थिति निराळी आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं कांहीं महिने, मार्च २०१७ मध्यें, सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें एका गर्भवतीच्या मृत्यूचा तपास करतांना पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सांपडले. त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानीं आडरानांतली झोपडी नव्हती, रुग्णालय होतें. गर्भांतली मुलगी ओळखण्यास यंत्र लागतें, तें चालविणारा शिकलेला हात लागतो आणि पैसे मोजणारें घर लागतें. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ झाल्या. ही घट एकट्या तुळसाबाईच्यानें होणारी नव्हे.

त्याच २०११ सालीं साताऱ्यांत २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. त्यांचें जुनें नांव ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली. हा चित्रपट सहकुटुंब पाहावा आणि पाहिल्यावर त्या मुलींची आठवण ठेवावी. पडद्यावरचीं मुलें एकट्या नेहाला दिसतात. या मुली शाळेच्या हजेरीपटावर सर्वांना रोज दिसत होत्या, आणि तरीहि दचकण्यास आम्हांस इतकीं वर्षें लागलीं.