वायुपार्य पटल आणि पेशींची दाटी : एका गृहीताची चिकित्सा

प्राण्याच्या शरीरापासून वेगळी केलेली पेशी काचपात्रात जगू शकते व वाढूही शकते, हे रॉस हॅरिसन ह्यांनी १९०७ साली बेडकाच्या गर्भातील मज्जातंतू लसीकेच्या लोंबत्या थेंबात वाढवून सिद्ध केले. त्यानंतर पेशीसंवर्धनाची पात्रे, पोषद्रव आणि तंत्रे पुष्कळ बदलली. परंतु एक नियम मात्र प्रयोगशाळांतून जवळजवळ आज्ञेसारखा पाळला गेला. स्थिर पात्रातील पोषद्रवाची खोली दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक असू नये, हा तो नियम होय. वायुपार्य तळाच्या पात्रांनी हा नियम मोडला आणि ‘उच्च घनतेचे संवर्धन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. हे यश खरे आहे. तथापि त्या यशाचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते अपुरे आहे. आणि अपुऱ्या स्पष्टीकरणामुळे पदार्थनिर्मितीचे प्रयत्न चुकीच्या दिशेस वळण्याचा संभव आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या स्पष्टीकरणावर आहे.

जुन्या नियमामागचे गणित साधे आहे. ३७ अंश सेल्सिअस तापमानास हवेशी समतोल पावलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ०.२ मिलिमोल इतकाच प्राणवायू विरघळतो. त्याचा विसरण-गुणांक दर सेकंदास सुमारे ०.००००३ चौरस सेंटिमीटर आहे. एका पेशीस ताशी ०.३६ पिकोमोल प्राणवायू लागतो असे मानले, तर दोन मिलिमीटर खोल स्थिर द्रवातून दर चौरस सेंटिमीटरला फार तर तीन लक्ष पेशींपुरता प्राणवायू तळाशी पोहोचतो. खोली एक सेंटिमीटर केली की हा आकडा साठ हजारांवर येतो. अन्न अधिक द्यावे तर श्वास कोंडतो, श्वास मोकळा करावा तर अन्न अपुरे पडते, असा हा पेच आहे. मॅक्लिमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये पेशीसंवर्धनातील वायुविसरणाचे जे विश्लेषण केले, त्याचा विषय हाच होता.

ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग, म्हणजे श्वास वरून न देता खालून देणे, आज नवा राहिलेला नाही. सिलिकोन रबरातून वायू असामान्य सुलभतेने पार होतात हे कामरमायर ह्यांनी १९५७ मध्ये दाखविले होते. कोलोबाव ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याच पदार्थाच्या पटलापासून कृत्रिम फुप्फुस घडविले. येन्सन, वॉलॅक व शेरवुड ह्यांनी १९७६ मध्ये वायुपार्य व वायुरोधी आधारांवरील संवर्धनांची सैद्धांतिक तुलना केली. पुढे २०१० मध्ये व्हेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जी-रेक्स’ ह्या वायुपार्य तळाच्या पात्रात टी-पेशी वाढविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ही कल्पना रुग्णोपचाराच्या क्षेत्रात स्थिरावली. कल्पना आणि तिचा व्यापक उपयोग ह्यांमध्ये तीन दशकांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रथम परिभाषेचा प्रश्न. ‘वायुपार्य’ ह्या शब्दाऐवजी ‘सच्छिद्र’ हा शब्द पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. तो चुकीचा आहे. सिलिकोनच्या अखंड पटलात छिद्रे नसतात. वायू त्यात विरघळतो, बहुवारिकाच्या लवचिक साखळ्यांमधून विसरण पावतो आणि दुसऱ्या बाजूस बाहेर पडतो. म्हणूनच ते पटल द्रव अडविते, जंतू अडविते आणि प्राणवायूस मात्र वाट देते. दुसरा भेद पार्यतेसंबंधीचा आहे. पार्यता हा पदार्थाचा गुण आहे. प्रत्यक्ष पुरवठा मात्र पार्यता आणि जाडी ह्या दोहोंवर अवलंबून असतो. सिलिकोनची प्राणवायू-पार्यता सुमारे ६०० बॅरर, तर पॉलिस्टायरिनची दोन-तीन बॅरर आहे. एवढ्यावरून पॉलिस्टायरिन निरुपयोगी ठरत नाही. ‘हायपरफ्लास्क’ ह्या पात्रात पॉलिस्टायरिनच्याच पातळ पटलाचे दहा मजले रचून १७२० चौरस सेंटिमीटर क्षेत्र साधलेले आहे. पदार्थाचे नाव सांगून जाडी न सांगणारा वृत्तांत त्यामुळे अर्धाच राहतो.

येथून मूळ गृहीताकडे वळता येते. पटल जितके अधिक पार्य व जितके अधिक पातळ, तितकी पेशींची दाटी अधिक, असे हे गृहीत आहे. ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. १०० मायक्रॉन जाडीच्या सिलिकोन पटलातून, दोन मिलिमीटर पाण्याच्या मानाने, शंभराहून अधिक पट प्राणवायू येऊ शकतो. परंतु पेशी एकमेकींवर रचल्या गेल्या की त्यांचा थर हाच नवा अडथळा होतो. खालच्या पेशी प्राणवायू वापरतात आणि वरच्यांपर्यंत तो पोहोचत नाही. दर घन सेंटिमीटरला शंभर कोटी पेशींचा घट्ट थर, त्यातील विसरण-गुणांक ०.००००२ आणि श्वसनाचा दर वर मानलेलाच, असे धरून हिशेब केला, तर २०० मायक्रॉन जाडीच्या पटलावर सुमारे ७२ मायक्रॉन, १०० मायक्रॉनच्या पटलावर ८० आणि ५० मायक्रॉनच्या पटलावर ८५ मायक्रॉन जाडीचा थर जगू शकतो. पटलाचा अडथळा पूर्णपणे नाहीसा झाला असे कल्पिले, तरीही ही जाडी ९० मायक्रॉनच्या आतच राहते. म्हणजे पटल दोनशे मायक्रॉनांवरून पन्नासवर आणण्याचे सारे कष्ट घेऊन पदरात पडते ती अठरा टक्क्यांची वाढ. पातळपणाचा हा सोस तितकासा फलदायी नाही.

‘घनता’ ह्या शब्दाची चिकित्सा तर अधिकच आवश्यक आहे. ८० मायक्रॉनच्या थरात दर चौरस सेंटिमीटरला ८० लक्ष पेशी मावतात. जुन्या पात्रातील तीन लक्षांच्या तुलनेने ही दाटी प्रचंड आहे. परंतु त्यावर दहा सेंटिमीटर उंचीचा पोषद्रवाचा स्तंभ उभा केला, तर दर मिलिलिटरला आठ लक्षच पेशी पडतात. जुन्या पात्रात दोन मिलिमीटर खोलीला हेच प्रमाण पंधरा लक्ष होते. तात्पर्य, क्षेत्राच्या मापाने जे संवर्धन दाट, तेच आकारमानाच्या मापाने विरळ आहे. ह्या विसंगतीतच पद्धतीचे खरे मर्म आहे. लिटरमागे दोन ग्रॅम ग्लुकोज असलेले पोषद्रव घेतले आणि पेशीचा ग्लुकोज-व्यय ताशी ०.१ पिकोमोल मानला, तर ८० लक्ष पेशी दोन मिलिमीटर द्रवातील साठा तीन तासांच्या आत संपवितील; दहा सेंटिमीटरचा स्तंभ मात्र त्यांना पावणेसहा दिवस पुरेल. वायुपार्य तळाचे मोठे दान प्राणवायूपेक्षाही हे आहे, की त्याने पोषद्रवाची खोली श्वसनाच्या बंधनातून मुक्त केली.

तथापि साठा असणे आणि तो पेशींपर्यंत पोहोचणे ह्यांत अंतर आहे. दहा सेंटिमीटर उंचीवरून केवळ विसरणाने येणारे ग्लुकोज वरील गरजेच्या विसाव्या हिश्शाइतकेच असते. पेशी उपाशी राहत नाहीत, ह्याचा अर्थ त्या स्तंभात तापमानाच्या व विद्राव्य द्रव्यांच्या किंचित भेदांमुळे मंद अभिसरण चालू असले पाहिजे. ज्या पात्रास ‘स्थिर’ म्हटले जाते ते तत्त्वतः स्थिर नाही. पटलाच्या गुणांची चर्चा विपुल आणि ह्या अभिसरणाची मोजणी विरळ, ही ह्या विषयावरील लेखनातील मोठी उणीव होय.

मग पदार्थनिर्मितीने लक्ष कोठे द्यावे? उत्तर असे की पातळपणापेक्षा एकसारखेपणा, बळकटी आणि रासायनिक शुचिता ह्यांकडे. भरणद्रव्याविना सिलिकोन दुबळे असते. सूक्ष्म सिलिका मिसळल्याने ते बळकट होते, मात्र पार्यता काहीशी घटते. वरील हिशेब पाहता ही घट सोसण्यासारखी आहे. पेरॉक्साइडाने पक्व केलेल्या रबरात उपद्रव्ये मागे राहतात. प्लॅटिनमच्या साहाय्याने होणाऱ्या संयोगक्रियेत ती उपजत नाहीत, परंतु गंधक, अमाइने व कथिलाची संयुगे ह्यांच्या संसर्गाने ती क्रिया अडखळते आणि अपक्व अंश पोषद्रवात उतरतात. एक सूक्ष्म छिद्रही संपूर्ण संवर्धन नासविण्यास पुरेसे असते. पातळ पटल द्रवाच्या भाराने ओघळते व थर एका जागी गोळा होतो. म्हणून खालून आधार हवा, आणि तो आधार हवेची वाट न अडविणारा हवा. निर्जंतुकीकरणाचा प्रश्नही गौण नाही. गॅमा किरणांनी सिलिकोनमधील बंध वाढतात, तर फ्लुओरीनयुक्त बहुवारिकांपैकी काहींच्या साखळ्या तुटतात. शिवाय सिलिकोन काही जलद्वेषी लहान रेणू शोषून घेते, हे टोपके व बीबी ह्यांनी २००६ मध्ये दाखविले. जो पदार्थ श्वास देतो तोच औषध गिळू शकतो, ही जाणीव औषध-परीक्षणाच्या प्रयोगांत तरी सुटता कामा नये.

आणखी एक आक्षेप तुलनात्मक प्रयोगांवर घ्यावा लागतो. जुन्या व नव्या पात्रांची तुलना करताना प्राणवायूचा पुरवठा, पोषद्रवाचे आकारमान आणि पेशींची मांडणी ही तिन्ही एकाच वेळी बदलतात; श्रेय मात्र एकट्या पटलास दिले जाते. संवर्धन विरळ असताना पटलावरील पेशीस हवेइतका, म्हणजे शरीरातील बहुतेक ऊतींपेक्षा कितीतरी अधिक, प्राणवायू मिळतो. थर दाट झाला की तीच पेशी उणिवेत सापडते. एकाच संवर्धनाच्या आरंभी आणि अखेरीस पेशींचे वातावरण भिन्न असते. पेशींनजीकचा प्राणवायू मोजल्यावाचून ‘अनुकूल वातावरण’ हे विधान प्रमाण मानता येत नाही.

ह्या चिकित्सेस केवळ सैद्धांतिक मोल आहे असे नाही. रक्ताच्या कर्करोगावरील टी-पेशी उपचारात रुग्णाच्याच पेशी शरीराबाहेर वाढवून परत द्याव्या लागतात. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा मेमोरियल रुग्णालय ह्यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या अशा उपचारास २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. असा उपचार किती रुग्णांच्या आवाक्यात येईल, हे अंशतः पेशी किती निर्धोकपणे, किती थोड्या हाताळणीने व किती खर्चात वाढविता येतात ह्यावर ठरणार आहे. अशा वेळी पटलाची कीर्ती गाण्यापेक्षा प्रत्येक वृत्तांतात पटलाची जाडी, पोषद्रवाची खोली, दर चौरस सेंटिमीटर व दर मिलिलिटर पेशींची संख्या आणि पेशींनजीकचा प्राणवायू, एवढ्या गोष्टी नोंदविण्याचा दंडक पाळला गेला, तर अधिक हित होईल. पटलाने दार उघडले आहे. आत कोणती वस्तू किती प्रमाणात येते ह्याची मोजदाद करणे हे अभ्यासकाचे काम आहे.