गैरहजर माणसाचं चित्र

जेफ्री चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा त्यातला पार्सन मला चक्क कंटाळवाणा वाटला होता. आजूबाजूला एकाहून एक नग आहेत. डुकराची हाडं संतांचे अवशेष म्हणून खपवणारा पार्डनर आहे, मठ सोडून शिकारीत रमणारा मंक आहे, पाच लग्नं केलेली वाइफ ऑफ बाथ आहे. त्यांच्यामध्ये हा पार्सन, म्हणजे एका पॅरिशचा धर्मगुरू: गरीब, शिकलेला, सज्जन. सज्जन माणसाबद्दल वाचायला आपल्याला फारसं आवडत नाही. मी स्क्रोल करून पुढे गेले.

दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट खटकली. हा माणूस काय करतो यापेक्षा काय करत नाही, हेच चॉसर वारंवार सांगतो. दशमांश थकवणाऱ्याला तो लगेच बहिष्काराची धमकी देत नाही. आपलं पद तो भाड्यानं देत नाही. मेंढरं चिखलात सोडून तो लंडनला सेंट पॉल्सकडे पळत नाही, आणि तिथे श्रीमंत मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणण्याची निवांत नोकरी शोधत नाही.

आता विचार करा. एखाद्या शिक्षकाची शिफारस करताना कुणी म्हणालं, "हे सर दुसऱ्याला वर्गावर पाठवून स्वतः घरी बसत नाहीत," तर आपल्याला त्या सरांपेक्षा बाकीच्या सरांबद्दलच जास्त कळतं. माझ्या मते पार्सनचं शब्दचित्र असंच वाचायला हवं. ते एका हजर माणसाचं चित्र आहेच. पण त्याच्या रेषांमधून एका गैरहजर माणसाची आकृती दिसते. ती आकृती यात्रेत सामील झालेली नाही. कशी होणार? तो कुठेच हजर नसतो, हीच त्याची ओळख.

हा गैरहजर माणूस कोण, हे कळण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमधल्या चर्चची पगारव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. प्रत्येक पदाला उत्पन्न जोडलेलं असे: पॅरिशमधल्या लोकांकडून येणारा दशमांश, चर्चच्या जमिनीचं पीक. त्या उत्पन्नासकट पदाला बेनिफिस म्हणत. पद ज्याच्या नावावर, उत्पन्न त्याचं. काम त्यानं स्वतः करावं अशी अपेक्षा होती. पण बदली माणूस नेमून उरलेले पैसे खिशात घालता येत. असं एक पद सांभाळता येतं, तर पाच का नाहीत? दहा का नाहीत? मराठी वाचकाला ही रचना अगदीच परकी वाटू नये. वतन एकाच्या नावावर आणि कामकाज पाहणारा मुतालिक दुसराच, हे आपल्या जुन्या कागदपत्रांतही भेटतं. इंग्रजीतला 'विकर' हा शब्दही 'बदली माणूस' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला आहे.

या खेळातल्या बड्या खेळाडूंपैकी एक म्हणजे तेराव्या शतकातला बोगो द क्लेअर. अर्ल ऑफ ग्लॉस्टरचा हा मुलगा १२९४ मध्ये वारला, तोवर त्यानं चर्चची ढीगभर पदं गोळा केली होती. लॅनरकॉस्टच्या इतिवृत्तात त्याच्या एका उत्तरेकडच्या चर्चचं वर्णन आहे. ईस्टरच्या दिवशी वेदीमागे शोभिवंत फलक हवा, तिथे काटक्यांचा कूड होता आणि त्यावर ताजं शेण फासलेलं होतं. आपल्याकडे शेणानं सारवलेला कूड पाहून कुणी नाक मुरडणार नाही. त्या इतिवृत्तकाराला मात्र देवाच्या घराचा गोठा झालेला दिसला. याच बोगोनं फ्रान्सच्या राणीला हस्तिदंत आणि चांदी वापरून केलेली गाडी भेट पाठवली, हेही तोच लिहितो. गैरहजेरीची किंमत कोण मोजतं, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं.

इथे लोभी धर्मगुरूंना नावं ठेवून लेख संपवणं सोपं आहे. चॉसरवर लिहिताना बरेचदा तेच होतं: पार्सन चांगला, बाकीचे भ्रष्ट, कवीनं चर्चला फटकारलं. मला हे वाचन अपुरं वाटतं. कारण अनेक पदं घेणारी सगळी माणसं बोगोसारखी नव्हती.

विल्यम ऑफ विकमचं उदाहरण घ्या. १३६६ मध्ये पोपच्या आदेशावरून एकाहून अधिक पदं असलेल्यांना आपापल्या पदांची यादी सादर करावी लागली. विकमच्या यादीतल्या पदांचं वार्षिक उत्पन्न ८०० पौंडांहून जास्त भरलं. त्याच दशकात पॅरिशचं काम करणाऱ्या साध्या पाद्र्याच्या वेतनावर चर्चनं सहा मार्क, म्हणजे चार पौंडांची मर्यादा घातली होती. एका माणसाच्या नावावर दोनशे पाद्र्यांचं वेतन! पण विकम त्या वेळी काय करत होता? तो राजाचं प्रशासन चालवत होता. राजाकडे अधिकाऱ्यांना द्यायला पुरेसा पगार नव्हता. म्हणून पगार चर्चच्या पदांतून दिला जाई. पुढे याच विकमनं ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज आणि विंचेस्टर कॉलेज उभं केलं. पॅरिशमधल्या शेतकऱ्याच्या धान्यातून राज्य चालत होतं आणि विद्यापीठही.

नियम नव्हते असंही नाही. १३१७ मध्ये पोप जॉन बाविसावा यानं फर्मान काढलं: आत्म्यांची जबाबदारी असलेलं पद एकच ठेवा, शिवाय तशी जबाबदारी नसलेलं आणखी एक चालेल, बाकीची सोडा. सूट कोणाला? कार्डिनलना आणि राजपुत्रांना. याच पोपनं तीन वर्षांनी, १३२० मध्ये, हेरफर्डचा बिशप थॉमस कँटिलूप याला संत घोषित केलं. आणि हा कँटिलूप बिशप होण्याआधी, पोपच्या परवानगीनं, अनेक पदं एकाच वेळी सांभाळत होता. संतपदाच्या आड ते आलं नाही.

हे माहीत झाल्यावर प्रस्तावनेतलं आणखी एक पात्र मला वेगळं दिसू लागलं. ऑक्सफर्डचा क्लार्क. हाडकुळा, विरलेला अंगरखा, पैसा मिळाला की पुस्तकांत घालणारा. चॉसर सांगतो, त्याला अजून बेनिफिस मिळालेलं नाही. आपल्याला त्याची दया येते. पण ते मिळालं असतं तर काय झालं असतं? १२९८ पासून चर्चच्याच कायद्यानं पॅरिशच्या धर्मगुरूला शिक्षणासाठी सात वर्षांपर्यंत गैरहजर राहण्याची परवानगी मिळू शके. म्हणजे या गोड, अभ्यासू मुलाला नोकरी लागली असती, तर बहुधा एखाद्या पॅरिशमधली मेंढरं चिखलात राहिली असती. पार्सन आणि क्लार्क, दोघंही चॉसरला आवडतात. पण एकाचा आदर्श दुसऱ्याच्या आदर्शाच्या पोटावर पाय देतो. हा पेच कविता सोडवत नाही. ती दोघांनाही त्याच रस्त्यानं चालवत नेते.

जॉन विक्लिफच्या आयुष्यात हा पेच प्रत्यक्ष दिसतो. चर्चच्या संपत्तीवर त्याच्याइतकी जहाल टीका त्या काळात क्वचितच कुणी केली. पण त्याचंही शिक्षण असंच झालं. १३६१ मध्ये त्याला फिलिंगमचं पॅरिश मिळालं आणि ऑक्सफर्डला राहण्यासाठी त्यानं बिशपकडून रजा घेतली. शिवाय वेस्टबरीच्या चर्चमधलं एक पद त्याच्याकडे होतं, तिथेही तो राहत नव्हता. शेवटची वर्षं मात्र त्यानं लटरवर्थच्या आपल्या पॅरिशमध्ये काढली आणि १३८४ मध्ये तिथेच वारला. कवितेत पुढे यात्रेचा यजमान पार्सनला विक्लिफच्या अनुयायांचं नाव, 'लॉलार्ड', चिकटवून चिडवतो. गंमत अशी, की पार्सनच्या कसोटीवर तरुण विक्लिफ स्वतःच नापास झाला असता.

आणि चॉसर? १३७४ मध्ये त्याला लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर नियंत्रकाची सरकारी नोकरी मिळाली. अट होती: वह्या स्वतःच्या हातानं लिहायच्या आणि जागेवर सतत हजर राहायचं. १३८२ मध्ये इतर मालाच्या जकातीचं दुसरं पदही मिळालं, बदली माणूस नेमण्याच्या मुभेसह. १३८५ मध्ये पहिल्या पदासाठीही कायमचा बदली माणूस नेमायची परवानगी त्यानं मिळवली. 'कँटरबरी टेल्स'चं काम साधारण १३८७ च्या सुमारास सुरू झालं असं मानतात. म्हणजे गैरहजर पदधारकाची सावली रेखाटणारा कवी स्वतः काही काळ दोन पदांचा मालक होता आणि वह्या दुसरा कुणीतरी भरत होता.

हे वाचून चॉसर ढोंगी ठरतो का? मला नाही वाटत. जकातीच्या वहीसमोर माणूस बदलला तर लोकर रडत नाही. पॅरिशचं तसं नाही. पण त्या मोकळ्या वेळाची चव त्यानं चाखली होती, आणि त्याच्या श्रोत्यांत दरबाराशी संबंधित लोक होते. कदाचित म्हणूनच गैरहजर धर्मगुरूला त्यानं पार्डनरसारखं चव्हाट्यावर आणलं नाही. तिथे बोट दाखवलं असतं, तर ते विकमकडे, क्लार्ककडे आणि थोडं स्वतःकडेही वळलं असतं. समकालीन विल्यम लँगलंड 'पियर्स प्लाऊमन'मध्ये जास्त उघडपणे बोलतो. महामारीनंतर पॅरिश गरीब झालं म्हणून लंडनला राहायची परवानगी मागणारे धर्मगुरू त्याच्या कवितेच्या सुरुवातीलाच भेटतात. पण तोही त्याच कवितेच्या नंतरच्या पाठात आपल्या निवेदकाला लंडनमध्ये, लोकांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणत पोट भरताना दाखवतो. आत राहूनच टीका करायची, दुसरी जागा कुणालाच नव्हती.

म्हणून आता पार्सन मला कंटाळवाणा वाटत नाही. चॉसर त्याच्याबद्दल एक गोष्ट नकाराशिवायही सांगतो, आणि ती फार साधी आहे. त्याचं पॅरिश मोठं आहे, घरं एकमेकांपासून लांब. पाऊस असो की गडगडाट, कुणी आजारी किंवा अडचणीत असलं की तो हातात काठी घेऊन सगळ्यात लांबच्या घरापर्यंत पायी जातो. राज्य चालवणारे, कॉलेजं बांधणारे, ग्रंथ लिहिणारे सगळे आपापल्या जागी मोठे असतील. पण त्या लांबच्या घरातल्या आजारी माणसानं त्या सगळ्यांचा खर्च दशमांशातून भरलेला आहे, आणि पाऊस पडत असताना त्याच्या दाराशी यायचं कोणी, एवढाच त्याचा प्रश्न आहे.