‘द लाफिंग कॅव्हेलियर’ : शीर्षक आणि अनामिक चेहरा

व्यक्तिचित्र पाहताना ‘हा कोण?’ हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. उत्तर उपलब्ध नसेल, तर ती उणीव बहुधा चित्राचे शीर्षक भरून काढते आणि प्रेक्षकाची दृष्टीही ठरवून टाकते. बरोक काळातील डच चित्रकार फ्रान्स हाल्स (मृत्यू १६६६) याचे ‘द लाफिंग कॅव्हेलियर’, म्हणजेच ‘हसणारा सरदार’, हे तैलचित्र या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधील या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात वय २६ आणि वर्ष १६२४ एवढीच लॅटिन नोंद आढळते; नाव नाही. १८६५ मध्ये पॅरिसच्या लिलावात लॉर्ड हर्टफर्ड यांनी ते ५१,००० फ्रँकला विकत घेतले. त्यानंतर इंग्लंडमध्ये आजचे नाव रूढ झाले. म्हणजेच शीर्षक हे चित्राहून सुमारे अडीचशे वर्षांनी धाकटे आहे.

हे शीर्षक चित्राच्या कसोटीवर टिकत नाही. या पुरुषाचे ओठ मिटलेले आहेत. हास्याचा भास होतो तो मुख्यतः वर वळवलेल्या मिशांमुळे. कोपराशी तलवारीची मूठ दिसते. परंतु तेवढ्यावरून तो सरदार ठरत नाही. याउलट बाहीवरील भरतकाम अधिक बोलके आहे. मधमाश्या, बाण आणि प्रेमगाठी ही प्रीतीच्या गोडव्याची व वेदनेची चिन्हे होत. त्यामुळे हे वाङ्‌निश्चयाचे चित्र असावे, असा तर्क केला जातो. मात्र जोडीचे स्त्रीचित्र ज्ञात नाही. व्यापाराचा देव मर्क्युरी याची टोपी व दंड यांवरून तो व्यापारी असावा, असेही सुचवले गेले आहे. हार्लेमचा कापडव्यापारी टीलमन रोस्टरमन याचे नावही पुढे आले. पण ते सर्वमान्य झालेले नाही.

तथापि, ओळख हरवली म्हणून व्यक्तिमत्त्व हरवत नाही. कमरेवर टेकवलेल्या हाताचे कोपर प्रेक्षकाच्या दिशेने पुढे येते, तर दृष्टिबिंदू खाली असल्याने तो किंचित वरून पाहतो. या रचनेतूनच त्याचा आत्मविश्वास प्रकट होतो. कशिद्याचे फटकारे जवळून सुटे भासतात. दुरून तेच झळाळते वस्त्र बनतात. हाल्सने नाव नोंदवले नाही, पण त्या माणसाचे समोर असणे मात्र अचूक नोंदवले.

सारांश, अनामिक व्यक्तिचित्राच्या समीक्षेत शीर्षकाला पुराव्याचे स्थान देता येत नाही. चित्रफलकावर जे आहे तेच प्रथम वाचले पाहिजे. अन्यथा प्रेक्षक चित्राऐवजी त्याचे नावच पाहत राहतो.