पत्रिका आणि अंगात येणं: बोट कोणाकडे?

(पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

तांड्यातांड्यांवरून आलेल्या आया-बहिणींनो, भावांनो, नायक-कारभारी मंडळी आणि मागे उभे असलेले तरुण मित्र. मागे सावली आहे म्हणून उभे आहात, की लवकर निघता यावं म्हणून, ते मी विचारत नाही. (हशा)

आजचा विषय साधा आहे. घरात अडचण आली, पोरीचं लग्न जमेना, बोअरला पाणी लागेना, पोराचं डोकं ठिकाणावर राहिना, तर माणूस विचारायला जातो. कोणी पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जातो. कोणी भगताकडे, जाणत्याकडे, अंगात येणाऱ्या बाईकडे जातो. शहरातला माणूस फोनवर डोळे मिटून 'मला दिसतंय' म्हणणाऱ्याला पैसे पाठवतो. आणि शिकलेल्या घरांतून एक वाक्य सारखं ऐकू येतं: 'ज्योतिष हे शास्त्र आहे, अंगात येणं ही अंधश्रद्धा.' आज मला या एका वाक्याची तपासणी करायची आहे.

आधी ज्योतिषाच्या बाजूनं जे खरं आहे, ते सांगतो. ज्योतिषाला नियम आहेत. बारा राशी, सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे 108 चरण. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. हे गणित दोघांनी वेगवेगळं मांडलं तरी एकच येतं. पंचांगातलं ग्रहण ठरल्या वेळी लागतं. भगताच्या बाबतीत असं काहीच नाही. त्याला काय दिसलं ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी वेगळं दिसलं, तर विचारायची सोय नाही. तेव्हा ज्योतिष तपासता येतं, हा त्याचा मोठेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण तपासता येतं ना? मग तपासूया.

साडेसाती घ्या. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची, अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षं. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. या मंडपातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला आत्ता साडेसाती आहे! मंगळ घ्या. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच स्थानं. म्हणजे शंभरातली चाळीसएक माणसं मंगळाची निघणार. इतक्या लोकांना लागू पडणारी गोष्ट आपल्या एकट्याच्याच नशिबी आली, असं आपल्याला वाटतं. भीती कशी काम करते, ते इथे दिसतं.

आता दुसरी गोष्ट, आपल्या भागातली. पत्रिकेला जन्मवेळ लागते. इथे किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे? हात वर करा. (हशा) बघा. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख. कोणी वाटेवर जन्मलं, कोणी उसाच्या फडात. वेळ कोण लिहिणार? मग ज्योतिषी म्हणतो, नावावरून रास काढू. नाव कोणी ठेवलं? आत्यानं, तिला आवडलं म्हणून. त्या अक्षराचा आणि जन्माच्या चंद्राचा काहीही संबंध नाही. इथे शास्त्र संपलं. इथून पुढे ज्योतिषी तुमच्या चेहऱ्याकडे, चपलेकडे, सोबत आलेल्या माणसाकडे बघून बोलतो. म्हणजे भगत जे करतो, तेच करतो. फक्त समोर पंचांग उघडं असतं.

आणि जिथे जन्मवेळ पक्की आहे, तिथे? तीही परीक्षा महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी घेतली आणि 2009 साली 'करंट सायन्स'मध्ये ती छापून आली. घाटपांडे यांनी तर स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेला. दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या: शंभर हुशार, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या, त्यानं फक्त कोणती कोणाची ते सांगायचं. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरं आली. नुसतं नाणं उडवलं तरी वीस बरोबर येतात. खरंच काही कळतं म्हणायला अठ्ठावीस हवे होते. सगळ्यात चांगला निकाल चोवीस. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेला सगळ्या दोनशे पत्रिका दिल्या होत्या, त्यातल्या 102 बरोबर आल्या. हुशारी हा काही बारीक तपशील नव्हे. आयुष्यातली एवढी ठळक गोष्ट पत्रिकेत दिसत नसेल, तर 'पुढच्या चैत्रात नोकरी' कशी दिसेल?

आता दुसरीकडे वळू. 'मला दिसतं' म्हणणाऱ्याची परीक्षा? जानेवारी 2023 मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री आले होते. न सांगता लोकांच्या मनातलं कागदावर लिहून दाखवतात, अशी त्यांची ख्याती. श्याम मानव यांनी आव्हान दिलं: आमच्या अटींवर सिद्ध करा, तीस लाख रुपये घ्या. ती परीक्षा काही झाली नाही. प्रकरण पोलिसांकडे गेलं, पोलिसांनी चित्रफिती पाहून कायद्याचा भंग दिसत नाही असं सांगितलं. याचा अर्थ नीट घ्या. गुन्हा नाही, म्हणजे विद्या खरी ठरली असं नव्हे. पोलिसांचं काम गुन्हा बघायचं, शक्ती मोजायचं नाही.

तर हिशेब असा झाला. एक विद्या तपासता येते, आणि तपासली तर नापास होते. दुसरी तपासूच देत नाही. मग एकीला शास्त्र म्हणायचं आणि दुसरीला अंधश्रद्धा, हा भेद आला कुठून?

मला वाटतं, तो पोथीतून आणि जातीतून आला. पोथी असलेला, संस्कृत बोलणारा तो शास्त्री. पहाटे कुडमुडं वाजवत दारावर येणारा कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला, पिंगळा: हेही भविष्यच सांगतात, पण ते भिक्षेकरी. अंगात येणारी बाई तर खुळीच. महात्मा फुले यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंत ग्रहांच्या नावानं शेतकऱ्याचा पैसा कसा जातो, ते एकेक प्रसंग घेऊन दाखवलं. त्यांचा रोख पोथीवाल्याकडे होता, भगताकडे नव्हे. भगताला हसणं सोपं आहे. स्वतःच्या कपाटातली पत्रिका बाजूला ठेवणं अवघड आहे.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे दोन्ही सारखेच. नाही. माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे.

ज्योतिषी दोष कोणाला देतो? शनीला, राहूला, मंगळाला. आकाशातल्या ग्रहाचं आपण काही वाकडं करू शकत नाही. भगत दोष कोणाला देतो? 'कोणीतरी केलंय.' मग कोणी केलं? आणि तो बोट दाखवतो. ते बोट सहसा बाईकडे जातं. विधवा, एकटी, भावकीत जमिनीचा वाटा मागणारी. तिला डाकण म्हणायचं, म्हैस आटली तरी तिनंच केलं म्हणायचं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात बंजारा समाजावरच्या प्रकरणात चेटूक या गोष्टीवर वेगळा भाग आहे. तो वाचताना सावध राहा, कारण ज्या राजवटीनं 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणला, त्या राजवटीची ती लेखणी आहे. हा काही एका समाजाचा रोग नाही. करणी, भानामती कोणत्या जातीत नाही? पण आपल्या आजीला विचारा, डाकण हा शब्द तिनं ऐकला आहे का. ती चटकन उत्तर देणार नाही. तेच उत्तर समजा.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नेमका इथे बोट ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं भासवणं, हा गुन्हा. भूत उतरवतो म्हणून मारहाण, हा गुन्हा. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि कशाला हा कायदा लागू नाही, त्याचीही यादी आहे: यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, आणि जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्लासुद्धा.

यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. कोणी म्हणालं ज्योतिषाला सोडलं, कोणी म्हणालं धर्मावर घाला. मला या कायद्यात एक शहाणपण दिसतं. उत्तर खरं की खोटं, हे तो विचारत नाही. उत्तरानं कोणाला इजा झाली, हे विचारतो. कायद्यानं तेवढंच करावं.

पण आपलं काम कायद्यापेक्षा मोठं आहे, कारण ज्योतिषाचंही बोट दर वेळी आकाशाकडे नसतं. मंगळाची पोरगी म्हणून स्थळ परत जातं, तेव्हा बोट त्या पोरीकडे असतं. मूळ नक्षत्रावर आलेली सून सासऱ्याला वाईट, असं म्हणतात, तेव्हा बोट सुनेकडे असतं. भगत एका रात्रीत घर पेटवतो. पत्रिका दहा वर्षं पोरीला घरात बसवते. दुसऱ्यात आरडाओरड होत नाही, म्हणून ते शास्त्र वाटतं.

मग माणसं जातात का? मूर्ख म्हणून नाही. ती जातात, कारण तिथे अर्धा तास कोणी ऐकून घेतं. सासू ऐकत नाही, नवऱ्याला वेळ नाही, दवाखान्यात रांग. अंगात आलेल्या बाईचं म्हणणं सगळं घर हात जोडून ऐकतं. एरवी तिचं कोण ऐकतं? ही गरज खरी आहे. तिला हसून उपयोग नाही. घरात कोणाची झोप गेली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर 14416 हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो. तो लिहून घ्या.

आता शेवटचं, याच मातीतलं. इथे सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या नावानं भविष्याचे बोल पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. पाणी वाटीवाटीनं विकलं जाईल, हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. या भविष्यात वेगळं काय आहे? ते सगळ्यांना उघड सांगितलंय, एकट्याला कोपऱ्यात बोलावून नाही. त्याची दक्षिणा नाही. त्यात कोणाकडे बोट नाही, पाणी जपा एवढा इशारा आहे. आणि महाराजांचीच शिकवण म्हणून सांगितलं जातं की आधी जाणून घ्या, मग गाळून घ्या, त्यानंतरच माना. गाळायची गाळणी तुमच्या हातात देणारा संत आहे हा.

म्हणून पुढच्या वेळी कोणाकडेही विचारायला गेलात, पोथीवाला असो की धुपाटणंवाला, तीन प्रश्न मनात ठेवा. हा जे सांगतोय, ते चुकलं तर मला कळेल का? याचा उपाय करताना माझं औषध, माझी जमीन, पोरीचं शिक्षण, यातलं काही सुटतंय का? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: याचं बोट कोणाकडे आहे?

ते बोट माणसाकडे असेल, तर उठा आणि घरी या. आल्यावर त्या माणसाकडे, त्या बाईकडे जा आणि तिच्या हातचा चहा प्या.

जय सेवालाल!