होलारचे चार ऋतू

ऋतुचित्रण ही युरोपीय कलेतील जुनी परंपरा. तिचे नायक बहुधा कष्टकरी असत. पीटर ब्रूगेलच्या १५६५ च्या ‘वसंता’त माळी वाफे खणतात, १५६८ च्या ‘उन्हाळ्या’त कापणीकरी घामाघूम झालेले दिसतात. प्राग येथे १६०७ साली जन्मलेल्या वेन्सेस्लाउस होलारने मात्र १६४३-४४ मध्ये लंडनला सिद्ध केलेल्या चार मुद्राचित्रांत खुरपे-विळ्याला रजा दिली. त्याचा प्रत्येक ऋतू म्हणजे पूर्णाकृती उभी असलेली एक कुलीन स्त्री. ऋतू जणू शेतातून उठून वस्त्रांत शिरला आहे.

हा बदल आम्हांला प्रथमदर्शनी खटकतो. १६४२ पासून इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली होती, आणि हा कलावंत केसाळ कातड्याचा मऊपणा टिपण्यात दंग! अशी कला सत्याकडे पाठ फिरवते काय?

उत्तरासाठी त्या स्त्रियांच्या पाठीमागे पाहावे. होलारचे माध्यम अम्लरेखनाचे. तांब्याच्या पत्र्यावरील मेणाच्या लेपात सुईने रेघा ओढायच्या आणि आम्लाने त्या धातूत उतरवायच्या. ज्या निष्ठेने ही सुई शिशिरातील स्त्रीचा मुखवटा आणि हात झाकणारे ऊबदार कातडे रेखाटते, त्याच निष्ठेने ती मागची कॉर्नहिलची पेठही रेखाटते. ग्रीष्मातील स्त्रीच्या मागे सेंट जेम्सचे उद्यान आहे आणि पलीकडे व्हाइटहॉलचे बँक्वेटिंग हाउस.

होलार १६४४ मध्ये अँटवर्पला निघून गेला. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याच बँक्वेटिंग हाउससमोर राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. १६६६ च्या महाआगीत कॉर्नहिल भस्मसात झाले. चित्रे काढताना यातले काहीच होलारला ठाऊक नव्हते. वाचकांना ठाऊक आहे. म्हणून ती नटवी चित्रे आज गंभीर वाटतात. पुढे उभा असलेला ऋतू दरवर्षी परत येतो, मागे उभे असलेले नगर येत नाही.

शेतात राबणारे हात येथे नाहीत, ही उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही. ब्रूगेलची करुणा होलारपाशी नाही. परंतु समोर जे होते ते त्याने न फुगवता, न पुसता नोंदले. जे जग पुढे टिकणार नव्हते, त्याची अशी प्रामाणिक नोंद ठेवणे हीही सत्याचीच सेवा होय, असे आमचे मत आहे.