पाच सूत्रे आणि ग्रंथपाल

हा अंक आपल्या हाती कसा आला, याचा वाचकहो, क्षणभर विचार करावा. विकत घेतला असेल तर उत्तमच. परंतु आमच्या पालघर-बोईसरकडच्या कित्येक घरांत दिवाळी अंक येतो तो ग्रंथालयातून. ठरावीक वर्गणी भरायची, आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावरही महिना-दोन महिने घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने अंक वाचायचे, ही रीत. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. अंकात लेखकाचे नाव असते, चित्रकाराचे असते, जाहिरातदाराचे तर ठळक असते. त्याच अंकाला खाकी कव्हर घालून क्रमांक टाकणारा आणि ‘तो अंक आला का हो?’ या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा हसून उत्तर देणारा माणूस मात्र कुठेच नसतो. आज त्याच्याविषयी, आणि ज्या ग्रंथाने त्याला प्रतिष्ठा द्यायची त्या ग्रंथाविषयी, चार शब्द लिहितो.

ग्रंथ आहे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा, ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरचा, 1931 साली प्रसिद्ध झालेला. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रथम त्या कामाचा त्यांना कंटाळाच आला होता. पुढे इंग्लंडात जाऊन त्यांनी तिथली ग्रंथालये पाहिली आणि त्यांची दृष्टीच पालटली. गणिती माणूस, त्याने सगळे शास्त्र पाच सूत्रांत बसवले. पुस्तके वापरायची असतात. वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत वस्तू आहे.

सूत्रे सुंदर आहेत. पण पुन्हा वाचून पाहा: पुस्तक आहे, वाचक आहे, वेळ आहे, ग्रंथालय आहे; ग्रंथपाल नाही! आता रंगनाथनांवर अन्याय नको. मूळ ग्रंथात पहिल्याच सूत्राच्या विवेचनात ते सेवकवर्गाचे शिक्षण, वेतन आणि दर्जा यांविषयी तळमळीने लिहितात, आणि पाचव्या सूत्रात पुस्तके व वाचक यांच्याबरोबर सेवकवर्गही वाढला पाहिजे असे बजावतात. दोष असा की, हे सारे भाष्यात राहिले. जे सूत्रात नाही ते परीक्षेत येत नाही, आणि जे परीक्षेत येत नाही ते कोणी वाचत नाही, हे एका शिक्षकाला ठाऊक असायला हवे होते. आम्ही सूत्रे पाठ केली आणि भाष्य सोडून दिले.

आमचा कायदाही याच वाटेने गेला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. त्याने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता दिली, अ-ब-क-ड असे वर्ग पाडले आणि अनुदान दिले, हे त्याचे ऋण मान्यच आहे. परंतु मद्रासच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळा कर त्यात नाही. आणि गावच्या ग्रंथालयातला सेवक हा संस्थेचा नोकर, सरकारचा नव्हे. अनुदानाच्या निम्म्या रकमेत त्याचे वेतन भागवायचे. ते किती असावे, हे त्याच्या पोटावरून नव्हे, तर ग्रंथालयाच्या वर्गावरून ठरते.

कोणी म्हणेल, दोष ग्रंथाचा नि कायद्याचा, आपण काय करणार? म्हणून माझाच एक अपराध सांगतो.

मी एका लहान ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. तिथे आमच्याच शाळेतून गेलेली एक मुलगी साहाय्यक होती. शनिवारी ती पायरीवर बसून मुलांना गोष्ट वाचून दाखवी. पुढे पुढे मुलांच्या चपलांनी ओटा भरू लागला. तिने मंडळाकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गाची फी. दुसरी, आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालय पाचऐवजी तीनला उघडण्याची परवानगी. कारण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी तेव्हा सुटते, आणि कामगार दाराला कुलूप पाहून परत जातात. मंडळाने ‘पुढे पाहू’ म्हटले, आणि त्याच सभेत काचेचे नवे कपाट मंजूर केले. अनुमोदन माझे होते. चार महिन्यांनी ती मुलगी त्याच वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागली. पगार जास्त होता; तिला काय म्हणून अडवायचे? पुढे 12 ऑगस्टला, रंगनाथनांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिनाचे भाषण मीच केले. पुस्तके वापरायची असतात, हे पहिले सूत्र कुलूपबंद कपाटाला पाठ टेकून मी खणखणीत आवाजात म्हटले.

त्या मुलीने जे केले ते आमच्या भागाला नवे नव्हते. रंगनाथन जन्मले त्याच 1892 साली ताराबाई मोडकही जन्मल्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. वाचकाला पुस्तक आणि पुस्तकाला वाचक मिळवून देण्याचा याहून चांगला पाठ कोणता? आमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथपालाने तो गिरवायचा म्हटला, तर विषयांना तोटा नाही. वारली आजोबांकडून गोष्ट ऐकून मुलांनी ती भिंतीवर रंगवावी. वाडवळी नि मांगेली बोलीतली लग्नगीते वहीत उतरवून ती वही ग्रंथालयात दाखल करावी. पाळीवरून सुटलेल्या कामगाराला त्याच्या मुलासाठी पुस्तक निवडून द्यावे.

परंतु ताराबाईंना अनुताई मिळाल्या होत्या. एकट्या माणसाच्या उत्साहावर संस्था चालत नाही. तो माणूस थकतो, किंवा पॅकिंग खात्यात जातो. त्याला शिकायला पाठवणारा, त्याच्या कल्पनेला चार पैसे देणारा आणि सभेत त्याच्या बाजूने उभा राहणारा कोणी लागतो. ते काम आपले, सभासदांचे आहे. ग्रंथालयाची वार्षिक सभा असते, आणि ती बहुधा रिकाम्या खुर्च्यांपुढे होते. या वर्षी तिथे जावे. पुस्तके किती वाढली हे अहवालात असतेच. ग्रंथपालाला वेतन काय मिळते, आणि त्याला शिकायला कधी पाठवले, एवढे उभे राहून विचारावे. मी विचारणार आहे. अध्यक्ष मला त्या कपाटाची आठवण करून देतील. ते ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.