दुसरा आवाज

हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ह्या भगिनींच्या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिका आम्हीं नुकत्याच एका संकलनांतून सलग ऐकल्या. भंडाऱ्यासारख्या गांवीं मोठ्या मैफलीचा योग विरळाच. आमचा कान घडला तो नागपूर आकाशवाणीवर आणि अशा मुद्रिकांवर. तेव्हांपासून एक समजूत मनांत पक्की बसली होती कीं, हिराबाई गातात व सरस्वतीबाई साथ करितात. ती समजूत आतां आम्हांस सोडावी लागत आहे.

अशी समजूत होण्यास कारणेंही होतीं. दोघी उस्ताद अब्दुल करीम खां व ताराबाई माने यांच्या कन्या. परंतु हिराबाई थोरल्या, आणि बंधु सुरेशबाबू माने यांच्याप्रमाणें त्यांनींही धाकटीला शिकविलें होतें. गुरूच्या शेजारीं बसून गाणाराला लोक शिष्यच समजतात. वस्तुतः १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटांतील गीतानें सरस्वतीबाईंचा आवाज घरोघर पोंचला होता. त्यानंतर वीसएक वर्षांनीं ह्या बहिणी एकत्र मैफली करूं लागल्या. दोन स्त्रियांनीं बरोबरीनें ख्याल मांडावा, ही गोष्ट त्या वेळीं नवीच होती.

जुगलबंदी ह्या शब्दाला अलीकडे आखाड्याचा वास येतो. एकानें तान फेकावी, दुसऱ्यानें ती दामदुपटीनें परत करावी, आणि श्रोत्यांनीं टाळ्या मोजाव्या! येथें तसें कांहीं नाहीं. हिराबाई स्वर लावितात व त्यावर विसावतात. तो विझण्यापूर्वींच सरस्वतीबाई त्याला पुढच्या स्वराचा हात देतात. किराणा घराण्याची बढत एकेका स्वराच्या ओढीवर चालते, त्यामुळें मध्येंच गाणारी बदलली कीं ती ओढ तुटण्याचा धोका फार. ती तुटत नाहीं, ह्याचें श्रेय आजवर आम्ही हिराबाईंस देत आलों. तें बव्हंशीं दुसरीचें आहे. आरंभ करणारीला वाट मोकळी असते. जोडणारीला पहिलीचा श्वास कोठें संपणार हें आधींच ओळखावें लागतें.

उदाहरण दूरचें आहे, पण ह्या वेळीं आम्हांस अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या ‘सुप्रीम्स’ ह्या गायिकावृंदाची आठवण झाली. १९६७ सालीं त्या वृंदाच्या नांवाआधीं डायना रॉस हिचें नांव स्वतंत्र लागलें; त्याच वर्षीं स्थापनेपासूनची फ्लॉरेन्स बॅलर्ड वृंदाबाहेर गेली. पुढें १९६८ च्या ‘लव्ह चाइल्ड’ ह्या मुद्रिकेवर नांव वृंदाचें, परंतु डायनामागचे आवाज कंपनीच्या पदरच्या दुसऱ्याच गायिकांचे! मुद्रिका तरीही अमाप खपली. मागचा आवाज बदलला तरी ग्राहकास कळत नाहीं, हें तेथील धंद्यानें ओळखलें होतें. सरस्वतीबाईंच्या जागीं दुसरी कोणी बसविली असती, तर मात्र पहिल्या चार आवर्तनांतच तें उघडकीस आलें असतें.

तक्रार करावयाची तर वेळेची. एल. पी. तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. विलंबित कोठें रंगूं लागतें न लागतें तों द्रुताची घाई. शिवाय कोणता आवाज कोणाचा, हें नवख्या श्रोत्यास कोणीतरी सांगावयास हवें. आम्ही स्वतः दोनदां चुकलों, आणि दोन्ही वेळां जी जागा हिराबाईंची म्हणून वाखाणली, ती सरस्वतीबाईंची निघाली.